पुणेरी बाप्पा आणि पंचरंगी वारसा : क्रीडा लीगने धार्मिक उत्सवात कुठवर सामील व्हावे?

महाराष्ट्र क्रिकेट संघटनेने जून २०२३ मध्ये गहुंजे येथील आपल्या मैदानावर महाराष्ट्र प्रीमियर लीग ही वीस षटकांची स्पर्धा सुरू केली, तेव्हा तिच्या सहा संघांपैकी कोल्हापूरने हत्ती, नाशिकने गरुड आणि रत्नागिरीने जेट विमान अशी ओळख पत्करली, तर पुण्याच्या संघाला मात्र थेट ‘पुणेरी बाप्पा’ हे नाव मिळाले. ऋतुराज गायकवाडसारखा भारतीय संघातला खेळाडू त्याचा कर्णधार झाला आणि हे नाव शहराच्या अंगवळणी इतक्या सहज पडले की त्यात विचार करण्यासारखे काही आहे, असे फारसे कोणाला वाटले नाही. गणपती हे या शहराचे आराध्य असले तरी पुणेकर त्याच्याशी घरातल्या वडीलधाऱ्या माणसाशी बोलावे तसे बोलतात, त्यामुळे या नावात धार्मिक घोषणेपेक्षा जिव्हाळा अधिक आहे, हे खरेच. तथापि लीग ही देवघर किंवा गल्लीतले मंडळ यांच्याहून वेगळी संस्था आहे आणि तिने देवाचे नाव, पूजा किंवा मिरवणूक यांच्याशी कितपत नाते जोडावे, हा प्रश्न या सहजतेने सुटत नाही.

येथे ‘लीग’ म्हणजे काय, हे आधी स्पष्ट करायला हवे. क्रीडा संघटनेच्या मान्यतेने चालणारी, ठरावीक संघ असलेली आणि त्या संघांची मालकी बहुधा खासगी उद्योगांकडे असलेली, लिलावातून खेळाडू घेणारी व प्रक्षेपणाचे हक्क आणि प्रायोजकत्व यांवर उभी राहणारी स्पर्धा, असा अर्थ आज रूढ झाला आहे. या रचनेत खेळाडू आपला संघ स्वतः निवडत नाही. जो मालक बोली लावेल त्याच्या गणवेशात त्याला उतरावे लागते. मंडळाचा कार्यकर्ता वर्गणी मागतो ती स्वेच्छेने आणि मांडवात उभा राहतो तोही स्वेच्छेने. लीगमधल्या खेळाडूचे प्रत्येक सार्वजनिक दर्शन कराराने बांधलेले असते. पुढील सगळी चर्चा या एका फरकावर उभी आहे.

पुण्यात खेळ आणि देव यांची जवळीक लीगच्या किती तरी आधीची आहे. मानाच्या पाच गणपतींपैकी तिसरा गणपती गुरुजी तालमीचा, म्हणजे मुळात कुस्तीच्या आखाड्याचा. त्याची स्थापना १८८७ मध्ये, लोकमान्य टिळकांनी सार्वजनिक गणेशोत्सवाला चळवळीचे रूप देण्यापूर्वी काही वर्षे झाली आणि ती एका हिंदू व एका मुस्लिम कुटुंबाने मिळून केली, असा त्या मंडळाचा इतिहास अभिमानाने सांगितला जातो. तालमीत मारुतीची मूर्ती असते, आखाड्याच्या लाल मातीत ताक, तेल आणि हळद घालून ती पवित्र वस्तूसारखी जपली जाते आणि तिथे उतरणारा पैलवान, मग तो कोणत्याही धर्माचा असो, मातीला हात लावून तो कपाळी नेतो. गावोगावच्या जत्रांमध्ये भरणारा कुस्त्यांचा हगामा तर ग्रामदैवताच्या नावानेच भरतो. दुपारी पोरांच्या नारळावरच्या कुस्त्या लागतात, मग इनामाची रक्कम चढत जाते आणि दिवस कलताना शेवटची मानाची कुस्ती जोडली जाते. यात्रा कमिटी हिंदू देवाची, पण हलगीच्या तालावर शड्डू ठोकणारे अनेक मल्ल मुस्लिम, हे चित्र पश्चिम महाराष्ट्रात कोणालाही नवलाचे वाटत नाही. मोहोळचा सिकंदर शेख नोव्हेंबर २०२३ मध्ये पुण्याजवळ फुलगाव येथे महाराष्ट्र केसरी झाला तो याच परंपरेतून.

या जुन्या नात्यात सक्तीचा भाग कमी होता, याचे कारण मल्ल जत्रेत स्वतःच्या पायांनी येई आणि इनाम घेऊन जाई. त्याच्या लंगोटावर देवाचे नाव नसे. तो देवाच्या अंगणात खेळत असला तरी देवाच्या वतीने कोणाविरुद्ध खेळत नसे. ही बारीक वाटणारी गोष्ट पुढे फार मोठी ठरते.

मात्र जुने ते सगळे निर्मळ होते, असा समज करून घेण्याचेही कारण नाही. पुण्यातील हिंदू एकोणिसाव्या शतकात मोहरमच्या ताबुतांच्या मिरवणुकीत मोठ्या संख्येने सामील होत असत, ताबूत स्वतः बसवीतही असत. ऑगस्ट १८९३ मध्ये मुंबईत झालेल्या दंगलीनंतर वातावरण बिघडले आणि पुढच्या वर्षी सार्वजनिक गणेशोत्सवाला जे जोमदार रूप आले त्यामागे मोहरमपासून दूर होण्याचा एक प्रवाहही होता, हे इतिहासकारांनी नोंदवले आहे. उत्सव माणसे जोडतो तसाच वेगळीही करतो. कोणता परिणाम होईल हे उत्सवाच्या स्वरूपापेक्षा त्याला कोणत्या चौकटीत बसवले जाते यावर ठरते आणि क्रीडेच्या क्षेत्रात या चौकटीचा सर्वांत मोठा, सर्वांत बोलका प्रयोग झाला तो मुंबई-पुण्याच्या क्रिकेटमध्ये.

युरोपियन आणि पारशी यांच्यात १८९२ पासून दरवर्षी ‘प्रेसिडेन्सी’ सामने होऊ लागले. ते मुंबईत आणि पुण्यातही खेळले जात. १९०७ मध्ये हिंदूंचा संघ आला आणि सामने तिरंगी झाले, १९१२ मध्ये मुस्लिम संघ आल्यावर चौरंगी आणि १९३७ मध्ये ‘इतर’ या नावाने भारतीय ख्रिश्चन, ज्यू वगैरेंचा पाचवा संघ आल्यावर पंचरंगी. आजच्या अर्थाने ही लीग नव्हती, पण वार्षिक वेळापत्रक, ठरलेले संघ, तिकीटविक्री, वृत्तपत्रांतील रकाने आणि नंतर रेडिओवरील समालोचन ही लीगची बहुतेक लक्षणे तिच्यात होती आणि लोकप्रियतेत तर १९३४ मध्ये सुरू झालेली प्रांतवार रणजी करंडक स्पर्धा तिच्यापुढे फिकी पडत असे. संघाची ओळख धर्म हीच असल्यामुळे प्रेक्षकाला वेगळे निष्ठास्थान शोधावे लागत नव्हते. तो जन्मतःच कोणत्या तरी संघाचा पाठीराखा असे.

या स्पर्धेचा धर्म उपासनेपेक्षा जमातीचा होता, हे पाळवणकर बंधूंच्या कथेत उघड झाले. पाळवणकर बाळू हे चर्मकार समाजातील असामान्य डावखुरे फिरकी गोलंदाज. पुण्यातील युरोपियनांच्या क्लबमध्ये ते महिना चार रुपयांवर खेळपट्टीची निगा राखत आणि जे. जी. ग्रेगसारख्या इंग्रज फलंदाजाला तासन् तास सरावासाठी गोलंदाजी करत. पुण्याच्या हिंदू संघाला युरोपियनांना हरवायचे होते म्हणून बाळूंना संघात घेतले गेले, पण चहापानाच्या वेळी ते मंडपाबाहेर बसत आणि त्यांना चहा मातीच्या भांड्यातून दिला जाई. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात शंभराहून अधिक बळी मिळवणाऱ्या या खेळाडूला हिंदू संघाचे कर्णधारपद कधीच दिले गेले नाही. त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल यांना ते १९२३ मध्ये मिळाले, तेही बंधूंनी संघातून अंग काढून घेण्यापर्यंत वाद ताणला गेल्यानंतर. ‘हिंदू’ हे नाव गणवेशावर लावताच त्या नावाखाली कोण येतो आणि किती येतो, हा प्रश्न मैदानावर आपसूक उभा राहिला. धर्माच्या नावाने एकत्र येणाऱ्या संघाला आपल्या धर्मातील भेदाभेदाचा हिशेब चुकवता आला नाही.

पंचरंगी सामन्यांच्या चर्चेत विजय हजारे यांच्या दोन त्रिशतकांकडे मात्र पुरेसे लक्ष जात नाही, आणि खरे तर तीच या प्रकरणातील सर्वांत अर्थपूर्ण नोंद आहे. सांगलीत जन्मलेले हजारे धर्माने ख्रिश्चन. १९३९-४० च्या मोसमात पुण्यात बडोद्याविरुद्ध त्यांनी महाराष्ट्रासाठी नाबाद ३१६ धावा केल्या, तेव्हा त्यांचे कर्णधार होते पुण्याच्या स. प. महाविद्यालयात संस्कृत शिकवणारे प्राध्यापक दि. ब. देवधर, आणि त्याच मोसमात व त्याच्या पुढच्याही मोसमात महाराष्ट्राने रणजी करंडक जिंकला. चार वर्षांनी, डिसेंबर १९४३ मध्ये, हेच हजारे पंचरंगी स्पर्धेच्या अंतिम सामन्यात ‘इतर’ संघाकडून हिंदूंविरुद्ध उभे होते. हिंदूंनी विजय मर्चंट यांच्या नाबाद २५० धावांच्या जोरावर ५ बाद ५८१ धावांवर डाव घोषित केला, ‘इतर’ १३३ धावांत बाद झाले आणि दुसऱ्या डावातील ३८७ धावांपैकी ३०९ एकट्या हजाऱ्यांच्या होत्या. दोघांच्या तीनशे धावांच्या भागीदारीत त्यांचे बंधू विवेक यांच्या नावावर २१ धावा होत्या, यावरून त्या एकाकी लढतीची कल्पना यावी. सामना हिंदूंनी एक डाव आणि ६१ धावांनी जिंकला. एकच माणूस, तेच कसब. एका स्पर्धेत तो देवधरांचा महाराष्ट्रीय सहकारी आणि दुसऱ्या स्पर्धेत ‘इतर’. खेळाडूच्या गुणात तसूभर फरक पडला नव्हता, स्पर्धेच्या रचनेने त्याला परका ठरवले होते. ‘इतर’ या शब्दात जे सामावले आहे, ते कोणत्याही वैचारिक निबंधात क्वचितच इतक्या स्पष्टपणे सापडेल.

या सामन्यांना विरोध होता आणि तो वाढत होता. सविनय कायदेभंगाच्या काळात ते काही वर्षे बंद राहिले. डिसेंबर १९४० मध्ये मुंबईच्या हिंदू जिमखान्याचे प्रतिनिधी वर्ध्याला महात्मा गांधींना भेटले, तेव्हा महाविद्यालये किंवा संस्था यांच्यातील सामने आपल्याला समजू शकतात, पण धर्मवार संघांमागचे कारण समजत नाही, अशा आशयाचे निवेदन गांधींनी केले. त्या वर्षी हिंदू संघ स्पर्धेतून बाहेर राहिला. समर्थकांचेही म्हणणे होते आणि ते अगदी पोकळ नव्हते. मैदानावरील स्पर्धेमुळे जमातींमध्ये खिलाडू परिचय वाढतो, मुस्लिम संघाच्या उत्तम खेळीला हिंदू प्रेक्षकही टाळ्या देतात, असे ते सांगत आणि त्याची उदाहरणेही देत. परंतु फाळणीच्या उंबरठ्यावर आलेल्या देशाला हा परिचय पुरला नाही. १९४५-४६ चा मोसम शेवटचा ठरला. पुण्याला या काळातून दोन वेगळे वारसे मिळाले. एकाच्या नावात ‘हिंदू जिमखाना’ हे शब्द आजही आहेत, तो पी. वाय. सी.; तर १९०६ मध्ये स्थापन झालेल्या डेक्कन जिमखान्याने प्रदेशाचे नाव घेतले, सर दोराबजी टाटांना अध्यक्षपद दिले आणि त्याच मैदानावरील स्पर्धांतून १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकसाठी भारतीय चमू पाठवण्याची कल्पना आकाराला आली. नावावरून संस्थेची परीक्षा करू नये, हे खरे, कारण पी. वाय. सी.मध्ये आज सर्व धर्मांचे खेळाडू खेळतात. तरीही नवी संस्था स्थापन करताना कोणते नाव निवडावे, याचे उत्तर डेक्कन जिमखान्याने शंभर वर्षांपूर्वीच देऊन ठेवले होते.

पंचरंगीचा हा इतिहास मनात ठेवून आजच्या पुण्याकडे पाहिले तर काही गोष्टी ओळखीच्या वाटतात, काही मात्र मुळातच निराळ्या आहेत. गणेश मंडळे आणि ढोल-ताशा पथके यांच्यात ‘फ्रेंडशिप करंडक’ नावाची क्रिकेट स्पर्धा पुनीत बालन ग्रुपच्या वतीने भरवली जाते आणि तिच्यात तुळशीबाग टस्कर्स, रंगारी रॉयल्स, गुरुजी तालीम टायटन्स अशा नावांचे संघ उतरतात. याच उद्योगसमूहाकडे महाराष्ट्र प्रीमियर लीगमधील कोल्हापूरच्या संघाची मालकी आली आणि शहरातील गणेशोत्सवाच्या मोठ्या प्रायोजकांतही तो आहे, त्यामुळे उत्सव, लीग आणि जाहिरात यांचा पैसा पुण्यात किती जवळजवळ फिरतो, हे वेगळे सांगायला नको. तरीही मंडळांच्या स्पर्धेवर आक्षेप घेण्यासारखे फार काही नाही. मिरवणुकीत क्रमावरून एकमेकांशी हुज्जत घालणारी मंडळे वर्षातून काही दिवस चेंडूफळीवर हिशेब मिटवत असतील, तर शहर पोलिसांनीही त्यांचे आभारच मानावेत. तिथला खेळाडू आधी मंडळाचा कार्यकर्ता असतो आणि मग फलंदाज. देवाचे नाव त्याने स्वतः पत्करलेले असते.

अशीच पण अधिक गुंतागुंतीची गोष्ट दहीहंडीची. मुंबई उच्च न्यायालयाने २०१४ मध्ये थरांची उंची २० फुटांपर्यंत आणि गोविंदाचे वय किमान १८ असे बंधन घातले, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात जाऊन परत आले आणि २०१७ मध्ये १४ वर्षांखालील मुलांना वर चढवू न देण्याची शासनाची हमी नोंदवून उच्च न्यायालयाने उंचीची मर्यादा ठरवण्यास नकार दिला. ऑगस्ट २०२२ मध्ये तत्कालीन मुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी विधानसभेत दहीहंडीला साहसी खेळाचा दर्जा देण्याची आणि गोविंदांना शासकीय नोकरीतील क्रीडा आरक्षणाचा लाभ देण्याची घोषणा केली आणि पुढच्याच वर्षी प्रो गोविंदा ही लीग मुंबईत वरळीच्या बंदिस्त क्रीडागारात भरली. तिची अंतिम फेरी ३१ ऑगस्ट २०२३ रोजी, म्हणजे गोपाळकाल्याच्या आठवडाभर आधी झाली. येथे लीग उत्सवात सहभागी झाली असे म्हणण्यापेक्षा उत्सवानेच लीगचा वेश घेतला, असे म्हणणे योग्य ठरेल. गादीवर, दोराच्या आधाराने, घड्याळ लावून रचलेल्या मनोऱ्यात सुरक्षितता वाढली, ही निःसंशय जमेची बाजू. परंतु साहसी खेळ म्हणून शासकीय लाभ द्यायचे ठरल्यावर तो खेळ श्रद्धेच्या वर्तुळाबाहेरच्या तरुण-तरुणींनाही तितक्याच सहजपणे खुला असला पाहिजे, हे ओघानेच येते. सवलत खेळाला आहे, व्रताला नाही.

लीगच्या दुसऱ्या टोकाला पुणेरी पलटण उभी आहे. प्रो कबड्डी लीगच्या दहाव्या मोसमात, १ मार्च २०२४ रोजी हैदराबादमध्ये, पलटणने हरियाणा स्टीलर्सला २८-२५ असे हरवून पहिले विजेतेपद मिळवले तेव्हा तिचा कर्णधार होता अहमदनगर जिल्ह्यातून आलेला अस्लम इनामदार आणि बचावाचा आधार होता २ कोटी ३५ लाख रुपयांच्या बोलीवर घेतलेला इराणचा मोहम्मदरेझा शाद्लू. ‘पलटण’ हे नाव शहराच्या लष्करी इतिहासाची आठवण देते आणि कोणालाही आत घेते. या संघाने आपल्या नगरीत आल्यावर कसबा गणपतीसमोर नारळ वाढवला, तर त्यात वावगे काय, असे विचारले जाऊ शकते. यजमान शहराच्या ग्रामदेवतेला पाहुण्याने नमस्कार करणे ही शिष्टाचाराची गोष्ट आहे आणि अनेक मुस्लिम कलावंत, खेळाडू पुण्याच्या मांडवात आनंदाने आरतीला उभे राहतातही. अडचण वेगळीच आहे. अस्लमने जावे की जाऊ नये हे त्याला ठरवता येते का, आणि तो न गेल्यास त्याचे नाव समाजमाध्यमांवर ओढले जाणार नाही, याची हमी संघमालक देतो का, हा खरा प्रश्न आहे. छायाचित्रासाठी ओळीत उभ्या केलेल्या संघात एक जागा रिकामी राहिली की पाहणारा लगेच मोजायला लागतो.

ही भीती काल्पनिक नाही. मार्च २०२५ मध्ये चॅम्पियन्स करंडकाच्या उपांत्य सामन्यात मोहम्मद शमी रमजानच्या दिवसांत सीमारेषेवर पेय पिताना दिसला म्हणून बरेलीतील एका मौलवींनी त्याला जाहीरपणे दोष दिला. श्रद्धेची सार्वजनिक तपासणी सुरू झाली की ती दोन्ही बाजूंनी होते. एक गट विचारतो आरतीला का नाही आलास, दुसरा विचारतो रोजा का मोडलास. लीगने कोणताही विधी अधिकृत कार्यक्रमात घेतला की ती या तपासणीला व्यासपीठ पुरवते. याउलट खेळाडूच्या वैयक्तिक श्रद्धेला मूकपणे जागा करून देणे लीगला सहज जमते. दक्षिण आफ्रिकेच्या क्रिकेट मंडळाने हाशिम अमलाला मद्य कंपनीचे बोधचिन्ह गणवेशावर न लावण्याची मुभा दिली होती. अमेरिकन बेसबॉलमध्ये सँडी कोफॅक्स हा ज्यू गोलंदाज ६ ऑक्टोबर १९६५ रोजी, प्रायश्चित्ताचा पवित्र दिवस असल्यामुळे, जागतिक मालिकेच्या पहिल्याच सामन्यात उतरला नाही आणि त्याचे कौतुकच झाले. इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्ये एप्रिल २०२१ पासून रमजानच्या महिन्यात सूर्यास्तानंतर खेळाडूंना उपवास सोडता यावा म्हणून खेळ थांबल्याच्या क्षणी काही सेकंदांची उसंत दिली जाऊ लागली. फ्रान्सच्या फुटबॉल महासंघाने मात्र अशी उसंत देण्यास साफ नकार दिला. फ्रान्सचा हट्ट तत्त्वनिष्ठ असेल, पण ज्या उसंतीने कोणाचे नुकसान होत नाही ती नाकारून त्या तत्त्वाला काय मिळाले, हे कळत नाही.

आंतरराष्ट्रीय नियम काय सांगतात, हेही पाहण्यासारखे आहे. ऑलिंपिक सनदेचा पन्नासावा नियम स्पर्धास्थळी राजकीय, धार्मिक किंवा वांशिक प्रचाराला मनाई करतो. फुटबॉलच्या नियमांत गणवेशावर धार्मिक घोषवाक्य चालत नाही, पण २०१४ पासून डोके झाकणाऱ्या वस्त्राला परवानगी आहे. म्हणजे खेळाडूने पाळलेली श्रद्धा आणि संघाने फडकवलेली श्रद्धा यांत नियमांनीच फरक केला आहे.

वेळापत्रकाचा प्रश्न याहून साधा, पण वाचकांच्या रोजच्या अनुभवाचा आहे. २०२३ च्या विश्वचषकातील भारत-पाकिस्तान सामना अहमदाबादमध्ये नवरात्रामुळे १५ ऑक्टोबरऐवजी १४ ऑक्टोबरला झाला आणि कोलकात्यातील पाकिस्तान-इंग्लंड सामना कालीपूजेमुळे १२ नोव्हेंबरवरून ११ वर आला. २०२५ च्या आयपीएलमध्येही कोलकात्याचा ६ एप्रिलचा सामना रामनवमीमुळे ८ एप्रिलला ढकलला गेला. या बदलांना धार्मिक अनुनय म्हणणे चूक ठरेल, कारण मागणी प्रामुख्याने पोलिसांकडून आली होती आणि कारण मनुष्यबळाचे होते. त्याच नवरात्रात गहुंजेला १९ ऑक्टोबर रोजी भारत-बांगलादेश सामना विनासायास पार पडला, कारण पुण्याचा खरा ताण विसर्जनाच्या दिवशी असतो; ती मिरवणूक चोवीस तासांहून अधिक चालते आणि त्या दिवशी शहरात सामना ठेवण्याचा विचार कोणी शहाणा माणूस करणार नाही. प्रो कबड्डीचा २०२५ चा मोसम २९ ऑगस्टला, गणेश चतुर्थीनंतर दोनच दिवसांनी विशाखापट्टणमला सुरू झाला आणि पलटणचे मराठी खेळाडू गणपतीत घरी राहू शकले नाहीत. यावर कोणी आंदोलन केले नाही. सणांचा मान राखावा, पण तो सर्वांच्या सणांना सारख्याच मोजमापाने, हे सूत्र पाळले तर तारखेचा वाद उरत नाही. ईद किंवा नाताळ आला की वेगळे मोजमाप लावले जाते का, एवढे तपासले म्हणजे झाले.

‘लीग खासगी आहे, मालकाने त्याला हवे ते करावे’ हा युक्तिवाद भारतात पूर्णपणे टिकत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये भारतीय क्रिकेट नियामक मंडळ हे घटनेच्या अर्थाने ‘राज्य’ म्हणजे शासनसंस्था नाही असे म्हटले असले, तरी २०१५ च्या निकालात ते सार्वजनिक स्वरूपाचे काम करते आणि म्हणून उच्च न्यायालयांच्या अधिकारकक्षेत येते, हे स्पष्ट केले. २०१६ च्या दुष्काळात खेळपट्ट्यांना पाणी मारण्यावरून मुंबई उच्च न्यायालयाने ३० एप्रिलनंतरचे आयपीएल सामने महाराष्ट्राबाहेर नेण्यास सांगितले आणि पुण्याच्या संघाला आपले उरलेले घरचे सामने विशाखापट्टणमला खेळावे लागले. ज्या स्पर्धेच्या पाण्याचा हिशेब जनतेला विचारता येतो, तिच्या वर्तनाचा हिशेबही विचारता येतो. मैदाने शासकीय जमिनीवर किंवा सार्वजनिक सोयींवर उभी असतात, पोलीस बंदोबस्त शहराचा असतो, खेळाडू राज्य संघटनेच्या निवड प्रक्रियेतून आलेले असतात. अशा संस्थेने एका धर्माचा यजमान होणे आणि सर्व धर्मांच्या नागरिकांकडून पाठिंब्याची अपेक्षा करणे, हे एकत्र नांदत नाही.

यावर एक प्रामाणिक प्रतिवाद असा की गणेशोत्सव आता केवळ धार्मिक उरलेला नाही. महाराष्ट्र शासनाने २०२५ मध्ये त्याला राज्य महोत्सवाचा दर्जा दिला, १९८९ पासून चालणाऱ्या पुणे फेस्टिव्हलमध्ये गणपतीच्या दिवसांत गायन-नृत्याबरोबर मुष्टियुद्ध आणि गोल्फच्याही स्पर्धा होतात आणि शहराच्या संस्कृतीपासून तोडलेली लीग कोणालाच आपली वाटणार नाही. हा मुद्दा मान्य करण्यात कसलाही संकोच नसावा. दिव्यांचा झगमगाट, ढोल-ताशा, मोदक, प्रेक्षकांच्या गर्दीतला ‘मोरया’चा गजर यांना लीगमधून हद्दपार करणे अशक्य आहे आणि अनावश्यकही. प्रेक्षकाने काय गर्जावे हे लीगने ठरवू नये. लीगने स्वतः काय गर्जावे आणि खेळाडूकडून काय गर्जवून घ्यावे, एवढ्यापुरताच हा वाद आहे. ‘पुणेरी बाप्पा’ हे नाव या रेषेच्या अगदी काठावर आहे. ते प्रेमाने ठेवले गेले, त्याने कोणाला बाहेर ढकलले नाही, पण उद्या लिलावात त्या संघाकडे आलेला एखादा खेळाडू देवाचे नाव छातीवर मिरवण्यास संकोचला, तर त्याच्यापुढे करार मोडण्याखेरीज मार्ग नाही. शिवाय देवाला गुणतालिकेत शेवटच्या स्थानावर पाहण्याची वेळ भक्तांवर यावी, हेही फारसे भक्तिभावाचे लक्षण नव्हे.

तेव्हा महाराष्ट्र क्रिकेट संघटना आणि तिच्यासारख्या अन्य लीग चालवणाऱ्या संस्थांनी उत्सवाला शुभेच्छा द्याव्यात, सुट्ट्या आणि आहाराच्या सोयी सर्व धर्मांच्या खेळाडूंना सारख्या द्याव्यात, शहराच्या मिरवणुकीला पाहुणे म्हणूनही जावे. परंतु पूजा, आरती किंवा मंदिरभेट संघाच्या अधिकृत कार्यक्रमपत्रिकेत घालू नये आणि घातलीच तर अनुपस्थित खेळाडूचे मानधन, निवड किंवा प्रसिद्धी यांवर तिचा काहीही परिणाम होणार नाही, असे कलम पुढील लिलावापूर्वी प्रत्येक करारात लिहून घ्यावे. असे कलम लिहायला एक परिच्छेदही लागत नाही आणि ते लिहिण्यासाठी कोणत्याही न्यायालयाच्या आदेशाची वाट पाहण्याची गरज नाही.